बाजार कोसळला म्हणजे मंदी येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेन्सेक्स दोन-तीन दिवस सलग आपटला की बडोद्यातल्या ओळखीच्या मराठी घरांतून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. कुणाचा मुलगा मकरपुऱ्याच्या कारखान्यात आहे, कुणाची निवृत्तीची पुंजी म्युच्युअल फंडात आहे, कुणाची ठेव शराफी मंडळीत, म्हणजे पतसंस्थेत, पडून आहे. बँकेच्या कर्ज विभागात नोकरी झाल्यामुळे या सगळ्याकडे कर्जाच्या बाजूने बघायची मला सवय आहे. म्हणून माझं मत आधीच सांगतो. नुसते शेअरचे भाव उतरल्याने देश डबघाईला येत नाही. उधारीवर चढलेला बाजार कोसळतो आणि कोसळताना बँकांनाही खाली ओढतो, तेव्हा येतो. खालची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

क्रॅश, मंदी आणि महामंदी यांत फरक काय?

क्रॅश म्हणजे शेअरचे भाव थोड्या दिवसांत, कधी एकाच दिवसात, जोरात कोसळणं. मंदी म्हणजे देशात तयार होणारा माल, होणारी विक्री आणि मिळणारं काम कमी होणं. लागोपाठ दोन तिमाही उत्पादन घटलं की मंदी म्हणायचं, असा ढोबळ संकेत आहे. महामंदीची ठरलेली व्याख्या नाही. घट खूप खोल असेल आणि ती वर्षानुवर्षं टिकली, तर तो शब्द वापरतात.

क्रॅशनंतर मंदी यायलाच हवी असं नाही. १९ ऑक्टोबर १९८७ ला अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के पडला. १९२९ मधल्या कुठल्याही एका दिवसापेक्षा ही पडझड मोठी होती. तरीही अमेरिकेत १९८८ साली मंदी आली नाही आणि दोन वर्षांच्या आत निर्देशांक पूर्वीच्या जागी आला. दुसऱ्याच दिवशी सकाळी तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, लागेल तेवढी रोकड पुरवू असं जाहीर केलं होतं. ब्रोकरांचे आणि बँकांचे व्यवहार अडकले नाहीत, म्हणून ती आग पसरली नाही.

१९२९ मध्ये नेमकं काय घडलं?

३ सप्टेंबर १९२९ ला डाऊ ३८१ वर होता. २४ ऑक्टोबरच्या गुरुवारी जवळपास १ कोटी २९ लाख शेअर विकले गेले. त्या दिवशी मोठ्या बँकांनी पैसे घालून भाव सावरले. सोमवारी २८ तारखेला निर्देशांक सुमारे १३ टक्के पडला, मंगळवारी आणखी सुमारे १२ टक्के. मंगळवारी १ कोटी ६४ लाख शेअरची उलाढाल झाली. भाव छापणारी यंत्रं तासन्‌तास मागे पडली आणि आपला शेअर किती डॉलरला गेला हेच विकणाऱ्याला कळेना.

यापुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर तळ गाठून बाजार पुन्हा चढला आणि एप्रिल १९३० पर्यंत डाऊ २९४ वर आला होता. गमावलेलं निम्म्याहून अधिक परत आलं होतं. खरी घसरण त्यानंतरची. ८ जुलै १९३२ ला निर्देशांक ४१ वर होता, म्हणजे शिखरापासून ८९ टक्के खाली. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. ऑक्टोबर १९२९ च्या चार-पाच दिवसांनी हे सगळं झालं असतं, तर १९३० च्या वसंतात बाजार सावरला नसता. मधल्या काळात दुसरं काहीतरी मोडलं, आणि ते काय हेच बघायला हवं.

पण मुळात बाजार एवढा चढलाच कसा?

खरी प्रगतीही होती. मोटारी, रेडिओ, वीज हे सगळं त्या दशकात घराघरांत पोचत होतं. त्यावर उधारीची फोडणी पडली. ग्राहक ब्रोकरकडे शेअरच्या किमतीच्या दहा-वीस टक्के भरत असे आणि बाकीचे पैसे ब्रोकर देत असे. ब्रोकर ते बँकांकडून आणि कंपन्यांकडून उचलत असे. १९२९ च्या शरद ऋतूत ही ब्रोकरांची कर्जं सुमारे साडेआठ अब्ज डॉलरवर गेली होती.

याचा हिशेब एकदा कागदावर मांडाच. हजार रुपयांचा शेअर घेतला, स्वतःचे शंभर घातले, नऊशे उधार. भाव अकराशे झाला की शंभरावर शंभर फायदा, पैसे दुप्पट. शेजाऱ्याला हे कळतं आणि तोही येतो. आता भाव नऊशेवर आला असं धरा. घसरण फक्त दहा टक्के आहे, पण तुमचे शंभरच्या शंभर गेले. ब्रोकर फोन करतो, मार्जिन, म्हणजे तुमच्या वाट्याचे पैसे, पुन्हा भरा. तुम्ही भरू शकला नाहीत तर तो शेअर विकतो, कारण त्याच्यामागे बँक बसलेली आहे. त्या विक्रीने भाव आठशे ऐंशी होतो आणि पुढच्या माणसाचं मार्जिन संपतं. त्याचेही शेअर विकले जातात. यात कुणाचंही मत बदललेलं नसतं, कंपनीत काही बिघडलेलं नसतं. प्रत्येक जण नाइलाजाने विकत असतो.

आपल्याकडे अशीच सोय ‘बदला’ या नावाने होती. सौदा चुकता न करता पुढच्या सेटलमेंटवर ढकलायचा आणि त्यासाठी व्याज मोजायचं. सयाजीगंजात १९९० साली सुरू झालेल्या आपल्या वडोदरा स्टॉक एक्स्चेंजच्या जुन्या सब-ब्रोकरांना बदल्याचा दर विचारा, अजून तोंडपाठ असतील. आता ते एक्स्चेंजही नाही आणि बदलाही नाही. जुलै २००१ मध्ये शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने तो बंद केला.

शेअर तर मूठभर लोकांकडे होते. मग कोट्यवधी माणसं बेकार कशी झाली?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि याचं उत्तर एका कारणात बसत नाही.

पहिलं कारण बँका. अमेरिकेत तेव्हा हजारो छोट्या, एकेका गावापुरत्या बँका होत्या. अनेक राज्यांत शाखा काढायलाच बंदी होती. गावचं पीक गेलं की गावची बँक गेली. डिसेंबर १९३० मध्ये न्यूयॉर्कमधली ‘बँक ऑफ युनायटेड स्टेट्स’ बुडाली. ती खाजगी बँक होती, पण तिचे ठेवीदार चार लाखांहून जास्त होते. १९३० ते १९३३ या काळात सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या. तेव्हा ठेवविमा नव्हता. ठेव गेली म्हणजे दुकानदाराचं खेळतं भांडवल गेलं, कारखान्याचा पगार गेला. जिवंत राहिलेल्या बँकांनी धास्तीने कर्जं देणं थांबवलं. देशात फिरणारा एकूण पैसा साधारण एक तृतीयांशाने आटला. हा पैसा आटू दिला ही फेडरल रिझर्व्हची मोठी चूक होती, असं मिल्टन फ्रीडमन आणि ॲना श्वार्ट्झ यांनी १९६३ साली मांडलं आणि आज ते बहुतेकांना मान्य आहे.

दुसरं कारण भाव उतरणं. ऐकायला बरं वाटतं, स्वस्ताई आली. पण कर्जाचा आकडा उतरत नाही. शेतकऱ्याने हजार रुपये कर्ज काढलं तेव्हा ते फेडायला दहा गाठी कापूस लागणार होता. कापसाचा भाव निम्मा झाला की त्याच हजाराला वीस गाठी लागतात. तो जास्त माल बाजारात आणतो, भाव आणखी उतरतो. अर्थतज्ज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी १९३३ मध्ये हे नीट समजावून सांगितलं: लोक जितकं फेडायला धावतात, तितकं उरलेलं कर्ज जड होत जातं. कर्जवसुलीच्या फायली हाताळलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तिसरं, सोनं. बहुतेक मोठ्या देशांचं चलन सोन्याला बांधलेलं होतं. देशातून सोनं बाहेर जाऊ लागलं की ते टिकवायला व्याजदर वाढवावे लागत. मे १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची क्रेडिटआनस्टाल्ट ही बँक कोलमडली, धक्का जर्मनीला बसला, मग लंडनला, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडला. लोक आता डॉलर देऊन सोनं मागतील या भीतीने अमेरिकेने ऑक्टोबर १९३१ मध्ये आपला व्याजदर दीडवरून साडेतीन टक्क्यांवर नेला. ऐन मंदीत, बँका बुडत असताना! पुढे जे देश सोन्यापासून लवकर सुटले ते लवकर सावरले. फ्रान्स १९३६ पर्यंत चिकटून राहिला आणि मागे पडला.

कॅनडाचं उदाहरण इथे मुद्दाम देतो, कारण ते माझ्या बँकांवरच्या भराला आवर घालतं. कॅनडात मोजक्या, देशभर शाखा असलेल्या बँका होत्या आणि महामंदीत त्यांतली एकही बुडाली नाही. तरी कॅनडाला मंदीचा जबर फटका बसला. गहू आणि लाकूड विकणाऱ्या देशाचे गिऱ्हाईकच गरीब झाले होते.

आयातकरामुळे महामंदी आली असं हल्ली पुन्हा ऐकू येतं. खरं आहे?

अर्धं खरं. जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयातीवरचे कर वाढवले. हजाराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी सह्या करून राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना विनवलं होतं की हे करू नका. इतर देशांनीही उलट कर लावले. जगाचा व्यापार पुढच्या चार वर्षांत किमतीच्या हिशेबाने साधारण दोन तृतीयांश आकसला, पण त्यातला मोठा वाटा भाव उतरल्याचा होता. करांनी मंदी आणली नाही. आलेल्या मंदीतून सुटायची एक वाट मात्र त्यांनी बंद केली.

बँकेवर लोकांची धाड पडते म्हणजे काय होतं? चांगली बँकही बुडू शकते?

शकते. बँक तुमची ठेव तिजोरीत ठेवून बसत नाही. ती कुणाला तरी घरासाठी, यंत्रासाठी दिलेली असते आणि ते पैसे दहा-पंधरा वर्षांत हप्त्याहप्त्याने येणार असतात. सगळे ठेवीदार एकाच सकाळी आले तर जगातली कुठलीही बँक पुरी पडणार नाही.

२००१ च्या वसंतात गुजरातने हे पाहिलं. शेअर दलाल केतन पारेख यांना अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेने भरमसाट पैसे दिले होते. तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला, बँकेने दिलेल्या १३७ कोटींच्या पे ऑर्डर वटल्या नाहीत, आणि मार्चमध्ये बँकेसमोर रांगा लागल्या. गुजरातमधल्या अनेक छोट्या सहकारी बँकांनी आपल्या ठेवी माधवपुरात ठेवलेल्या होत्या. त्यामुळे शेअरशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसापर्यंत झळ आली.

त्या दिवसांत शहराच्या जुन्या भागात एका सहकारी बँकेबाहेरची रांग मी जवळून पाहिली. शटर अर्धं खाली होतं. आत शिरायला वाकावं लागत होतं, म्हणून म्हाताऱ्या माणसांचे कागद तरुण पोरं आत नेऊन देत होती. फळ्यावर गुजरातीत खडूने लिहिलं होतं की एका खात्यातून किती रक्कम मिळेल, आणि ती रक्कम महिन्याच्या किराण्यालाही पुरली नसती. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, एफडीची पावती आणि रेशनकार्ड घेऊन आलेल्या एक मावशी प्रत्येकाला एकच विचारत होत्या: “बँक चांगली आहे ना हो? मग देत का नाहीत?” त्यांचा प्रश्न बरोबर होता. बँकेची कर्जं बहुतेक ठीकच होती, पण ती त्या दिवशी विकून रोकड करता येणार नव्हती. अशा वेळी चांगल्या तारणावर रोकड देणारी मध्यवर्ती बँक मागे उभी लागते. ती उशिरा आली तर चांगली बँकही जाते.

बडोद्याला याची आठवण त्याहून जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन केली आणि मांडवीत तिचं काम सुरू झालं. पाचच वर्षांत, १९१३ मध्ये, देशात बँका बुडायची लाट आली. लाहोरची पीपल्स बँक गेली, मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. १९१३ ते १९१७ मध्ये हिंदुस्थानात ८७ बँका बुडाल्या. रिझर्व्ह बँक तेव्हा नव्हती, ती १ एप्रिल १९३५ ला आली. आपली बँक त्यातून तरली ती सांभाळून कर्ज दिल्यामुळे. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

१९३० च्या मंदीचा आपल्या भागावर काय परिणाम झाला?

इथे शेअर बाजार कोसळल्याची झळ कमी, शेतमालाची मोठी. हिंदुस्थानात शेतमालाचे भाव १९२९ नंतरच्या तीन-चार वर्षांत जवळपास निम्मे झाले. शेतसारा, व्याज आणि मुद्दल मात्र रोख रकमेतच द्यायचं होतं. बडोदा संस्थानाचा मुलूख काय किंवा शेजारचा भडोचचा ब्रिटिश मुलूख काय, कापूस हेच रोख पीक असलेल्या घरांचं काय झालं असेल ते वर सांगितलेल्या गाठींच्या हिशेबावरून समजेल.

त्यात रुपयाचा दर. १९२७ मध्ये सरकारने रुपया ब्रिटिश चलनातल्या १ शिलिंग ६ पेन्सला बांधला होता. हिंदी व्यापारी १ शिलिंग ४ पेन्स मागत होते, कारण महाग रुपयाने निर्यात करणाऱ्याच्या हातात कमी रुपये पडतात. भाव जगभर उतरत असतानाही सरकारने हा दर सोडला नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये पाउंड सोन्यापासून सुटला, त्याबरोबर रुपयात सोन्याचा भाव चढला, आणि शतकानुशतकं सोनं आत घेणारा हा देश सोनं बाहेर पाठवू लागला. ते व्यापाऱ्यांचं साठवलेलं सोनंच तेवढं नव्हतं. देणी भागवायला शेतकरी बायकांनी उतरवलेल्या पाटल्या आणि गोठ त्यात होते.

रुपयाच्या याच प्रश्नाचा सखोल अभ्यास ज्यांनी आधीच केला होता ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तिथे अर्थशास्त्र शिकले. १९२३ मध्ये त्यांचा रुपयावरचा ग्रंथ आला, पुढे भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगासमोर त्यांनी साक्ष दिली. सरकारच्या मर्जीने चलन हवं तसं वाढवता येऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. ज्या शहराच्या पैशावर ते शिकले त्याच शहरात १९१७ मध्ये नोकरीला आल्यावर त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही. बडोद्याच्या आर्थिक इतिहासाबद्दल बोलताना हे सांगितलंच पाहिजे.

आपल्याकडचा पहिला मोठा क्रॅश कोणता?

मुंबईचा १८६५ चा. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबेमध्ये समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपनीचे शेअर वेड्यासारखे चढले. प्रेमचंद रायचंद यांचा शब्द म्हणजे बाजार, अशी स्थिती होती. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ ला चुकते व्हायचे होते. एप्रिलमध्येच युद्ध संपलं, कापूस कोसळला आणि सौदे चुकते करायला कुणाकडे पैसे उरले नाहीत. बँक ऑफ बॉम्बेने याच शेअरच्या तारणावर कर्जं दिली होती. तीन वर्षांत ती बँक गुंडाळावी लागली. शेअर तारण ठेवून शेअर घेण्यासाठीच कर्ज द्यायचं, हा प्रकार मला कायमच सर्वांत धोक्याचा वाटत आला आहे, कारण तारण आणि कर्जदार दोघंही एकाच दिवशी कोसळतात.

१९९२ मध्ये हर्षद मेहता यांच्या घोटाळ्यामुळे मंदी आली होती का?

नाही. सेन्सेक्स १९९१ च्या सुरुवातीला हजाराच्या आसपास होता, तो २ एप्रिल १९९२ ला ४४६७ वर गेला. २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली. २८ एप्रिलला एका दिवसात बाजार सुमारे १२.८ टक्के पडला. सरकारी रोख्यांच्या व्यवहारातले बँकांचे पैसे बँक रिसीटच्या, म्हणजे रोखे नंतर देऊ अशा पावतीच्या, आधाराने शेअर बाजारात वळवले जात होते. पैशाचा तो नळ बंद झाला आणि भाव उतरले. पण मोठ्या बँका बहुतेक सरकारी असल्याने लोकांनी ठेवी काढायला धाव घेतली नाही, आणि कारखाने चालू राहिले. त्याआधीच्या वर्षी देश अडचणीत आला होता तो परकीय चलन संपत आल्याने. दोन्ही गोष्टी जवळजवळ घडल्या म्हणून लोक गल्लत करतात.

आणि २००८?

तो क्रॅश आपल्याकडे दोन टप्प्यांत आला. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर होता. रिलायन्स पॉवरच्या आयपीओसाठी देशभर झुंबड उडाली. बडोद्यातही ज्यांनी कधी डीमॅट खातं उघडलं नव्हतं त्यांनी ते उघडलं आणि मोठ्या अर्जदारांनी उधार पैशावर अर्ज भरले. तो पैसा त्यात अडकलेला असतानाच २१ आणि २२ जानेवारीला बाजार कोसळला, मार्जिन भरायला रोकड नव्हती. ४५० रुपयांना दिलेला तो शेअर ११ फेब्रुवारीला नोंदणीच्याच दिवशी ३७२.५० वर बंद झाला. मग १५ सप्टेंबरला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. मार्च २००९ मध्ये सेन्सेक्स ८,२०० च्याही खाली होता.

अमेरिकेत घरांची कर्जं बुडाली होती आणि ती बँकांच्या पोटात होती, म्हणून तिथे खोल मंदी आली. इथे बँका त्या कर्जांत नव्हत्या. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ऑक्टोबर २००८ मधल्या ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ वर आणला. वाढ मंदावली, निर्यात करणाऱ्या कारखान्यांत कामगार कमी झाले, पण अर्थव्यवस्था आकसली नाही.

२०२० मध्ये उत्पादन एवढं घटूनही बाजार लगेच कसा सावरला?

२३ मार्च २०२० ला सेन्सेक्स १३ टक्क्यांहून जास्त पडून २६,००० च्या खाली गेला. सकाळीच १० टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं आणि ४५ मिनिटं व्यवहार थांबले. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा जवळपास २४ टक्के घटलं. मंदी खरी होती. पण ती टाळेबंदीमुळे आली होती, आणि कर्जाची साखळी तुटू नये याची काळजी लगेच घेतली गेली. २७ मार्चलाच रिझर्व्ह बँकेने रेपो पाऊण टक्क्याने उतरवला आणि हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली. बाजाराने पुढचं पाहून भाव लावले. ज्यांची नोकरी गेली त्यांना त्या चढत्या बाजाराचा काहीच उपयोग झाला नाही, हेही तितकंच खरं आहे.

“लांब पल्ल्यात शेअर वाढतातच,” असं एजंट सांगतो. एसआयपी बंद करू का?

घाबरून बंद करू नका, पण त्या वाक्यावर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. १९२९ च्या शिखराला डाऊ पुन्हा पोचला तो नोव्हेंबर १९५४ मध्ये. जपानचा निक्केई २९ डिसेंबर १९८९ ला ३८,९१५ वर होता, तो आकडा त्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये ओलांडला, म्हणजे ३४ वर्षांनी. जपानमध्ये जमिनीच्या तारणावर दिलेली कर्जं बुडाली होती, आणि बँका ती बुडाल्याचं वर्षानुवर्षं मान्य करत नव्हत्या. दोन्ही ठिकाणी लाभांश धरला तर चित्र थोडं बरं दिसतं. तरी साठाव्या वर्षी तेवढी वाट बघायला कुणाकडे वेळ आहे? ज्या पैशाची पुढच्या पाच-सात वर्षांत गरज आहे तो शेअरमध्ये नसावा. पस्तिशीतल्या माणसाची गोष्ट वेगळी, त्याला पडलेल्या भावात युनिट जास्त मिळतात.

परदेशी गुंतवणूकदार विकतात म्हणून बाजार पडतो ना?

काही दिवस, हो. वर्षानुवर्षांची मंदी त्यातून येत नाही.

क्रॅश आधी ओळखता येतो का?

दिवस सांगता येत नाही. अमेरिकेत रॉजर बॅब्सन यांनी ५ सप्टेंबर १९२९ ला इशारा दिला आणि तो खरा ठरला, पण तेच ते आधीही सांगत होते आणि बाजार चढतच होता. उलट वर उल्लेख केलेले फिशर, त्या काळचे नामवंत अर्थतज्ज्ञ, क्रॅशच्या थोडे आधी भाव आता उंचीवर स्थिरावले असं म्हणाले आणि त्यांनी स्वतःचीही संपत्ती गमावली. कर्जाचा विचार त्यांनी त्यानंतर मांडला.

पण बाजाराखाली उधारी किती साठली आहे हे बघता येतं. आज ती फ्युचर-ऑप्शनमध्ये (एफ अँड ओ), म्हणजे थोडे पैसे भरून केलेल्या पुढच्या तारखेच्या सौद्यांत, दिसते. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. त्यांत पर्सनल लोन काढून ऑप्शन घेणारी पंचविशीतली मुलं आहेत. कॉलेजात जाणारं पोरगं घरात असेल तर त्याच्या फोनमध्ये कुठलं ॲप आहे ते प्रेमाने विचारा. त्या मुलांना ओरडण्यापेक्षा वरचा हजार रुपयांचा हिशेब त्यांच्याकडूनच कागदावर करून घेतलेला जास्त उपयोगी पडतो.

माझी एफडी सुरक्षित आहे का? शराफी मंडळीतली ठेव?

१९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर आपल्याकडे ठेवविमा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. सुरुवातीला मर्यादा दीड हजार रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख आहे. यात व्यापारी बँका येतात, नागरी सहकारी बँकाही येतात. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात, आणि एकाच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतल्या तुमच्या नावावरच्या ठेवी एकत्र मोजतात. म्हणून रावपुऱ्याच्या शाखेत पाच आणि अलकापुरीच्या शाखेत पाच ठेवून संरक्षण दहाचं होत नाही. त्यासाठी बँक वेगळी हवी. नवरा-बायकोच्या संयुक्त नावाची ठेव मात्र तुमच्या एकट्याच्या ठेवीहून वेगळी धरली जाते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेतून पैसे काढण्यावर निर्बंध घातले, तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी.

शराफी मंडळी, म्हणजे महाराष्ट्रात जिला पतसंस्था म्हणतात ती, या विम्यात येत नाही. ओळखीचा संचालक असेल, एक-दीड टक्का जास्त व्याज असेल, वडिलांच्या वेळेपासूनचं खातं असेल, तरी येत नाही. तिथे ठेवायचंच असेल तर वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद मागा आणि कर्जं कुणाला, कशाच्या तारणावर दिली आहेत ते विचारा. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.